वर्षानुवर्षे टिकणारा टॉवेल कसा निवडावा

अंग पुसताना टॉवेल फारसा झिजत नाही. तो झिजतो धुताना, पिळताना आणि वाळताना. आठवड्यातून दोनदा धुतला जाणारा टॉवेल वर्षभरात शंभराहून अधिक वेळा साबणाच्या पाण्यात घुसळला जातो, ओला असताना स्वतःच्याच वजनाने ताणला जातो आणि मग उन्हात किंवा ड्रायरच्या उष्णतेत सुकतो. म्हणून टॉवेल विकत घेताना तो हाताला किती मऊ लागतो यापेक्षा शंभराव्या आणि तीनशेव्या धुण्यानंतर तो कसा राहील, हा विचार महत्त्वाचा आहे. दुकानातल्या मऊपणावरून याचा अंदाज येत नाही, कारण नव्या टॉवेलवर बहुधा मऊपणा आणणाऱ्या द्रव्याची प्रक्रिया केलेली असते आणि तिचा परिणाम पहिल्या काही धुण्यांत ओसरतो. टिकाऊपणा असतो तो सुतात, विणीत आणि काठांच्या शिवणीत. या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी आणि बोटांनी तपासता येतात.

आधी जुना टॉवेल पाहावा

नवीन टॉवेल घेण्यापूर्वी घरातला निकामी झालेला टॉवेल उजेडात पसरून तो नेमका कोठे बिघडला हे पाहावे. काठ उसवले असतील आणि मधला भाग अजून दाट असेल, तर कापड चांगले होते पण शिवण कच्ची होती. मधला भाग विरळ होऊन त्यातून पलीकडचा उजेड दिसत असेल, तर सूत आखूड तंतूंचे होते किंवा धुण्याची पद्धत फार कठोर होती. जागोजागी लांब धागे लोंबत असतील, तर लूप (टॉवेलच्या पृष्ठभागावर उभे राहणारे धाग्याचे छोटे फास) लांब आणि वीण सैल होती. टॉवेल धडधाकट असूनही त्याला कुबट वास येत असेल, तर तो त्या न्हाणीघराच्या मानाने फार जाड होता आणि कधीच पुरता वाळत नव्हता. पाणी न टिपणारा टॉवेल मात्र अनेकदा बिघडलेला नसतोच. साबण आणि फॅब्रिक सॉफ्टनर यांचा थर साचल्यामुळे तो तसा वागतो, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे धुतल्यास बहुतेक वेळा पूर्ववत होतो. घरातले टॉवेल एकाच प्रकारे निकामी होत असतील, तर नव्या खरेदीत त्याच गोष्टीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे.

वजन ठरवताना वाळण्याचा विचार करावा

टॉवेलच्या वेष्टनावर जीएसएम असा आकडा दिलेला असतो. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन, एवढाच त्याचा अर्थ. आकडा दिलेला नसेल किंवा त्याबद्दल शंका असेल, तर तो घरच्या काट्यावर काढता येतो. ७० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर लांब टॉवेलचे क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर भरते. त्याचे वजन ४९० ग्रॅम असेल तर तो ५०० जीएसएमचा टॉवेल होय. काठांच्या दुमडीमुळे हा हिशेब किंचित जास्त येतो, पण तुलनेसाठी तो पुरेसा आहे.

ढोबळमानाने ४०० पर्यंतचे टॉवेल हलके, ४०० ते ६०० मधले मध्यम आणि ६०० च्या वरचे जाड समजले जातात. जाड टॉवेल अधिक टिकतो, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. जीएसएम वाढतो तो केवळ लूप लांब केल्यानेही वाढतो. पाया, म्हणजे लूपखालचे कापड, तोच, सूत तेच, फक्त वर अधिक धागा. असा टॉवेल भरगच्च दिसतो, पण ओला झाल्यावर फार जड होतो, यंत्रात किंवा दोरीवर स्वतःच्या शिवणींना ओढ देतो आणि वाळायला कितीतरी जास्त वेळ घेतो. ओला राहण्याचे परिणाम वासापुरते मर्यादित नसतात. कापसाचा तंतू हा सेल्युलोजचा बनलेला असतो आणि दमट कापडावर वाढणारी बुरशी ते सेल्युलोजच खाते. काळे ठिपके दिसू लागतात तेव्हा आतला तंतू आधीच कमजोर झालेला असतो. धुऊनही परत येणारा वास जिवाणूंमुळे येतो, आणि त्यांतील मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू वाळवणे व धुणे या दोन्हींतून तग धरून राहणारा म्हणून ओळखला जातो.

त्यामुळे रोजच्या वापरासाठी ४५० ते ५५० जीएसएमचा टॉवेल मला सर्वांत योग्य वाटतो. न्हाणीघर बंदिस्त असेल, हवा दमट असेल किंवा टॉवेल घडी करूनच टांगावा लागत असेल, तर ४०० च्या आसपासचा घ्यावा. ६०० च्या वर जायचे असेल तर कपडे वाळवण्याची सोय उत्तम आहे, याची खात्री करूनच जावे. आज सकाळी वापरलेला टॉवेल उद्या सकाळी हाताला पूर्ण कोरडा लागला पाहिजे, ही साधी कसोटी लक्षात ठेवावी.

तंतू: ओला असताना कोण बळकट राहतो

टॉवेलवर सर्वाधिक ताण तो ओला असताना येतो. कापसाचा तंतू ओला झाल्यावर कोरड्या अवस्थेपेक्षा काहीसा अधिक बळकट होतो. जवसाच्या रोपापासून मिळणाऱ्या लिननचेही तसेच आहे. वनस्पतींच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवल्या जाणाऱ्या व्हिस्कोज तंतूचे याच्या उलट आहे. ओला झाल्यावर त्याचे बळ मोठ्या प्रमाणात घटते. बांबूचे म्हणून विकले जाणारे बहुतेक टॉवेल प्रत्यक्षात बांबूच्या लगद्यापासून बनवलेल्या व्हिस्कोजचे असतात. ते रेशमासारखे मऊ लागतात आणि पाणीही छान टिपतात, पण वर्षानुवर्षे वापरायच्या टॉवेलसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. मायक्रोफायबर पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचा असतो. तो झटकन वाळतो, म्हणून प्रवासात आणि व्यायामशाळेत उपयोगी पडतो, मात्र तो अधिक उष्णता आणि फॅब्रिक सॉफ्टनर यांनी लवकर बिघडतो.

कापूस निश्चित केल्यावर पुढचा प्रश्न तंतूच्या लांबीचा येतो. मध्यम धाग्याच्या कापसाचा तंतू साधारण २५ ते २८ मिलिमीटर लांब असतो, तर अतिलांब धाग्याच्या कापसाचा ३४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. सूत म्हणजे एकमेकांत पिळून धरलेले हे सुटे तंतूच असल्यामुळे तंतू जितका लांब तितकी त्याची पकड लांबवर पोहोचते आणि त्याची मोकळी टोके कमी उरतात. धुताना जे सुटतात, ड्रायरच्या जाळीत जमतात आणि अंगाला चिकटतात, ते बहुतांशी आखूड तंतू असतात. टॉवेल विरळ होतो तो असा एकेक तंतू गळून.

वेष्टनावरच्या शब्दांबाबत येथे सावध राहावे. ‘१०० टक्के कापूस’ या शब्दांवरून तंतूची लांबी कळत नाही. ‘इजिप्शियन कॉटन’ एवढ्याने कापूस कोठे पिकला हे कळते, पण इजिप्तमध्येही निरनिराळ्या प्रतींचा कापूस पिकतो, त्यामुळे त्याच्या जोडीला ‘अतिलांब धाग्याचा’ असा स्पष्ट उल्लेख शोधावा. पिमा हा त्याच कुळातला लांब धाग्याचा कापूस आहे. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे १९९२ पासून दिले जाणारे प्रमाणपत्र कापडात अपायकारक द्रव्ये मर्यादेबाहेर नाहीत एवढे सांगते, आणि सेंद्रिय कापसाचे प्रमाणपत्र शेती व प्रक्रियेबद्दल सांगते. दोन्ही मोलाची आहेत, पण त्यांचा टिकाऊपणाशी संबंध नाही.

थोडे पॉलिएस्टर मिसळलेला टॉवेल एकदम नाकारू नये. हॉटेलांसाठी बनणाऱ्या काही टॉवेलांत पायाच्या धाग्यांत पॉलिएस्टर असते आणि अंगाला लागणारे लूप निव्वळ कापसाचे असतात. असा टॉवेल कमी आकसतो, लवकर वाळतो आणि त्याचा पाया दीर्घकाळ टिकतो. लूपमध्येच पॉलिएस्टर मिसळलेले असेल, तर मात्र पाणी टिपण्याची क्षमता घटते.

सूत: पीळ आणि पदर

तंतू चांगला असूनही सूत कच्चे असू शकते. ‘कोम्ब्ड’ सूत म्हणजे कातण्यापूर्वी विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले सूत. ‘रिंग स्पन’ म्हणजे तंतू अधिक समांतर ठेवून कातलेले, तुलनेने मजबूत सूत. हे दोन्ही शब्द वेष्टनावर एकत्र आढळल्यास ती चांगली खूण मानावी. ‘झिरो ट्विस्ट’ सुताला जवळजवळ पीळ नसतो. त्याचे लूप कमालीचे मऊ आणि फुगीर असतात, पाणीही लगेच ओढतात, पण तंतूंना धरून ठेवणारा पीळच नसल्यामुळे ते लवकर पिंजतात. पाहुण्यांसाठी क्वचित काढायच्या टॉवेलला ते चालेल, रोजच्या टॉवेलला नाही.

याहून महत्त्वाची आणि वेष्टनावर क्वचितच लिहिलेली गोष्ट म्हणजे पदर. एकपदरी सुताच्या लूपपेक्षा दोन धागे एकत्र पिळलेल्या दुपदरी सुताचा लूप पुष्कळ अधिक टिकतो, सरळ उभा राहतो आणि धुऊन चपटा होत नाही. ओळखण्यासाठी एक लूप अगदी जवळून पाहावा. त्याच्यावर बारीक दोरीसारखी तिरकी वळी स्पष्ट दिसली, तर सूत बहुधा दुपदरी असते. घरी खात्री करायची असेल, तर काठाशी सापडलेला एखादा सुटा धागा उलट्या दिशेने उलगडावा. दुपदरी सूत दोन वेगळ्या धाग्यांत विभागते. दुपदरी सुताचा टॉवेल पहिल्या स्पर्शाला किंचित राठ लागतो आणि म्हणून दुकानात मागे पडतो. टिकाऊपणा हवा असलेल्याने त्याच टॉवेलकडे वळावे.

वीण: लूपला गाठ नसते

टर्किश टॉवेल विणताना मागावर उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक घट्ट ताणलेला असतो आणि त्याचा पाया बनतो. दुसरा सैल सोडलेला असतो आणि त्याचे लूप बनतात. आडवे धागे आधी थोडे अंतर राखून घातले जातात आणि सामान्यतः तिसरा आडवा धागा पडला की फणी ते सारे एकदम पुढे ठोकते. त्या ठोक्यासरशी सैल उभा धागा वर उचलला जाऊन लूप तयार होतो. म्हणजेच लूपला कोठेही गाठ मारलेली नसते. आडव्या धाग्यांच्या दाबाने आणि घर्षणानेच तो जागेवर राहतो, म्हणून आडवे धागे दाट आहेत की विरळ, यावर लूपची पकड अवलंबून असते.

हे तपासण्यासाठी टॉवेल बोटावर दुमडून लूप बाजूला सारावेत आणि खालचा पाया पाहावा. पाया घट्ट आणि सलग दिसला पाहिजे. जाळीसारखी भोके दिसल्यास तो टॉवेल परत ठेवावा. मग टॉवेल उजेडासमोर धरावा. सर्वत्र सारखा मंद उजेड येणे ठीक, पण पट्टे किंवा ठिगळांसारख्या उजळ जागा दिसल्यास वीण असमान आहे. शेवटी चार-पाच लूप बोटांच्या चिमटीत धरून हलकेच वर उचलावेत. ते तसेच राहिले पाहिजेत, लांब होत जाता कामा नयेत. आखूड व दाट लूप लांब व विरळ लूपपेक्षा कधीही बरे, कारण लांब लूप अंगठी, नख आणि चेन यांत अडकतात.

एका बाजूने मखमलीसारखे दिसणारे टॉवेल मोहक असतात. त्या बाजूचे लूप वरून कापलेले असतात, आणि कापलेल्या प्रत्येक लूपची दोन मोकळी टोके तयार होतात. तेथून तंतू अधिक गळतात आणि त्या बाजूने पाणीही कमी टिपले जाते. नक्षीसाठी ते घ्यावेत, टिकण्यासाठी घेऊ नयेत. वॅफल (चौकोनी खळग्यांच्या) विणीच्या किंवा पंचासारख्या सपाट विणीच्या कापडाला लूप नसतातच. धागा ओढला जाण्याचा धोका कमी, वाळणे झटपट, आणि जागा कमी असणाऱ्यांसाठी तो फार चांगला पर्याय आहे. मात्र त्याने अंग पुसण्याचा अनुभव टर्किश टॉवेलहून वेगळा असतो.

काठ: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

चांगले कापड असलेले टॉवेलसुद्धा बहुधा काठांपाशीच पहिल्यांदा हार मानतात, कारण उचलताना, टांगताना आणि पिळताना सगळी ओढ तेथे येते. म्हणून दुकानात मऊपणा चाचपण्यात जाणारा वेळ चारही काठ पाहण्यात घालवावा. काठ दोनदा दुमडून आत घेतलेला असावा, जेणेकरून कापडाची कापलेली कड कोठेही उघडी दिसणार नाही. नुसती ओव्हरलॉक केलेली किंवा एकदाच दुमडलेली कड काही महिन्यांत तंतू सोडू लागते.

त्यानंतर टाके पाहावेत. दोन्ही बाजूंनी सारखी सरळ रेघ दिसत असेल तर तो लॉकचा टाका आहे. मागच्या बाजूला साखळीसारखी गुंफण दिसत असेल तर तो साखळीटाका आहे, आणि त्याचा एक दोरा तुटला की शिवण भराभर सुटत जाते. लॉकचा टाकाच घ्यावा. टाके लहान आणि एकसारखे असावेत. एका इंचात आठ ते दहा टाके असणे समाधानकारक आहे. कोपऱ्यावर शिवण संपते तेथे ती मागे-पुढे फिरवून पक्की केलेली असावी. कोपऱ्यावर लोंबणारा मोकळा दोरा हा निष्काळजी शिवणीचा पुरावा असतो आणि तो ओढून पाहायला संकोच करू नये. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असल्यास उत्तम, कारण वारंवार धुण्याने तो सहसा कुजत नाही.

टॉवेलच्या दोन्ही टोकांजवळची सपाट नक्षीदार पट्टी दिसायला सुंदर असते, पण लूप असलेला भाग आणि ही पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. त्यामुळे काही धुण्यांनंतर तेथे चुण्या पडतात आणि टॉवेलची घडी कधीच सरळ बसत नाही. पट्टी नसलेला किंवा अगदी अरुंद पट्टीचा टॉवेल निवडावा. टांगण्यासाठी काठावर पट्टी किंवा फास शिवलेला असेल, तर तो दुमडीच्या आतून शिवणीत धरलेला हवा. वरून चिकटवल्यासारखा शिवलेला फास कापडासकट निघतो.

रंग

पांढरा टॉवेल विटण्याचा प्रश्न नाही आणि तो जास्त गरम पाण्यातही धुता येतो. गडद रंग सुरुवातीला सुटतात आणि पुढे फिके पडतात. व्हॅट रंगांनी (कापसासाठी वापरल्या जाणाऱ्या एका पक्क्या प्रकारच्या रंगांनी) रंगवलेले कापड ब्लीचला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण तशी माहिती वेष्टनावर सहसा नसते. मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम वापरणाऱ्यांनी तोंड पुसण्यासाठी पांढराच टॉवेल ठेवावा, कारण या द्रव्याने रंगीत कापडावर कायमचे फिके डाग पडतात. ते डाग धुऊन जात नाहीत, कारण तेथला रंगच नष्ट झालेला असतो.

आधी एकच घ्यावा

घरातल्या सर्वांसाठी एकदम संच घेण्याचा मोह आवरावा. एकच टॉवेल आणावा, त्याची लांबी, रुंदी आणि वजन मोजून लिहून ठेवावे आणि नेहमीच्या पद्धतीने तो पाच वेळा धुऊन वाळवावा. मग पुन्हा मोजावा. लांबीत थोडी घट होणे कापसाचा स्वभावच आहे, परंतु १४० सेंटिमीटरचा टॉवेल १२५ वर आला, तर तो आकसणे रोखण्याची प्रक्रिया न करताच विकला गेला आहे असे समजावे. गडद रंगाच्या कोरड्या कापडावर तो घासून किती तंतू उरतात ते पाहावे. पहिल्या दोन धुण्यांत तंतू गळणे स्वाभाविक आहे, पाचव्यातही तितकेच गळत असल्यास सूत आखूड तंतूंचे आहे. ओल्या पांढऱ्या रुमालावर घासल्यास रंग लागतो का, हेही पाहावे. शेवटी पाण्याचा थेंब टाकावा. तो क्षणात आत शिरला पाहिजे. कोपरे सरळ राहिले, काठ पिळवटला नाही आणि वरचे सगळे जमले, तर त्याच प्रकारचे उरलेले टॉवेल घ्यावेत.

माणशी किमान दोन, शक्य असल्यास तीन टॉवेल आलटून पालटून वापरावेत. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी धुणी कमी होतात आणि प्रत्येकाला पुरते वाळायला वेळ मिळतो.

धुताना

नवा टॉवेल वापरण्यापूर्वी एकदा किंवा दोनदा धुवावा, म्हणजे वरचे मऊ करणारे द्रव्य निघते. नंतर तीन-चार वापरांनंतर, ४० ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, हुक, चेन आणि वेल्क्रो असलेल्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. यंत्र खच्चून भरू नये. टॉवेलांना हलायला जागा नसली तर साबण त्यांच्यातच राहतो. डिटर्जंटही वेष्टनावर सांगितल्यापेक्षा जास्त कधीच घालू नये, विशेषतः जड पाणी असेल तेथे, कारण उरलेला साबण आणि क्षार मिळून लूप कडक करतात. फॅब्रिक सॉफ्टनर टॉवेलसाठी पूर्णपणे टाळावा. तो तंतूंवर थर देतो आणि पाणी टिपणेच थांबवतो. असा थर साचलेला टॉवेल गरम पाण्यात साबणाविना, अर्धा कप पांढरे व्हिनेगर घालून धुतल्यास बराच मोकळा होतो. परंतु व्हिनेगर आणि क्लोरिन ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. क्लोरिन ब्लीच तसाही वारंवार वापरल्यास कापसाचा तंतू खिळखिळा करतो. डाग काढायचेच असतील तर ऑक्सिजन ब्लीच सौम्य ठरतो.

दोरीवर वाळवलेले टॉवेल कडक का होतात, याचा उलगडा जपानमधील होक्काइडो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये केला. वाळलेल्या तंतूंच्या पृष्ठभागावरही थोडे पाणी धरलेले राहते आणि ते शेजारच्या तंतूंना एकमेकांशी जोडून ठेवते. ही जोडणी हाताने मोडता येते. टॉवेल वाळत घालण्यापूर्वी जोरात झटकावा, वाळल्यावर पुन्हा झटकून हातांत थोडा चुरावा. ड्रायर वापरत असल्यास मध्यम उष्णता ठेवावी आणि टॉवेल कोरडा होताच बाहेर काढावा, कारण जाळीत जमणारा पिंजलेला कापूस टॉवेलचाच असतो. प्रखर उन्हात दिवसभर टांगून ठेवल्यानेही रंग उडतो आणि तंतू हळूहळू ठिसूळ होतो. वाळला की काढून घ्यावा.

एखादा लूप ओढला गेला तर तो कधीही खेचू नये. कात्रीने तो पृष्ठभागाच्या पातळीवर कापावा. शेजारचे लूप आडव्या धाग्यांनी धरलेले असल्यामुळे ते उसवत नाहीत. काठाचे टाके सुटलेले दिसले तर पुढच्या धुण्याच्या आधीच शिवून घ्यावेत, कारण दुमड उघडी पडली की आतली कापलेली कड यंत्रात सुटू लागते आणि मग कापडच आत सरकून शिवायला जागा उरत नाही. मधला भाग विरळ झालेला टॉवेल मात्र दुरुस्त होत नाही. त्याचे तुकडे करून पुसण्यासाठी वापरायचे झाल्यास कापलेल्या बाजूंवर मशीनची एक शिवण आधी मारून घ्यावी, नाहीतर पहिल्याच धुण्यात सुटलेले धागे यंत्राच्या जाळीत जाऊन बसतात.